संशयाचा बाजार आणि मुलाचे नाव

‘मनःशांतीसाठी चाचणी’ या गोंडस नावाने एक व्यापार सध्या मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपला आहे. मुलाच्या गालाच्या आतील बाजू कापसाच्या काडीने पुसा, काडी पाकिटात घाला, पाठवून द्या. ते मूल तुमचे आहे की नाही, हे काही दिवसांत छापील कागदावर हाती पडेल! काही हजार रुपयांत मनःशांती! ती मिळवण्यासाठी आपले पूर्वज उगाचच तपश्चर्या करीत बसले म्हणायचे!

सुज्ञ वाचकांनी प्रथम एक भेद नीट ध्यानात घ्यावा. नातेसंबंधाची डीएनए चाचणी दोन प्रकारे होते: एक कायदेशीर, दुसरी खासगी. प्रयोगशाळेतील विज्ञान दोन्हींकडे एकच. अंतर आहे ते नमुन्याच्या प्रवासात. कायदेशीर चाचणीत न्यायालयाचा आदेश असतो, संबंधितांची ओळख पटवली जाते, नमुना तज्ज्ञासमक्ष घेतला जातो, त्यावर मोहोर लागते, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद राहते आणि अहवाल देणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येते. खासगी चाचणीत यातले काय असते? पाकिटातील काडी कोणाच्या गालावरून फिरली, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते. ती त्या काडीबद्दल बोलते, माणसाबद्दल नव्हे! नमुना बदलला, मिसळला वा मुद्दाम दुसऱ्याचा दिला, तरी अहवाल तितक्याच रुबाबात छापून येतो.

हे केवळ तात्त्विक नाही. पुण्यातील एका दाम्पत्याचा खटला पाहा. पतीने मुलाची खासगी प्रयोगशाळेतून चाचणी करवून घेतली होती आणि तिचा अहवाल पितृत्व नाकारणारा होता. पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी व्हावी, अशी त्याची मागणी होती. कुटुंब न्यायालयाने ती मान्य केली, मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. पण २० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्या. रामसुब्रमणियन आणि न्या. नागरत्ना यांच्या खंडपीठाचे म्हणणे स्पष्ट होते: व्यभिचाराचा आरोप असेल, तर तो अन्य पुराव्याने सिद्ध करा, पतिपत्नींच्या लढाईत मुलाला शस्त्र करू नका. ज्या कागदावर भिस्त ठेवली, त्या कागदाने ना खटला जिंकून दिला, ना शांती मिळवून दिली. वर्षे मात्र गेली, आणि मुलाच्या जन्माची चर्चा देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत झाली.

मग न्यायालय सत्याला घाबरते काय? मुळीच नाही. विदर्भातील एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने चाचणी झाली. नागपूरच्या शासकीय प्रयोगशाळेने पितृत्व नाकारले. पत्नीने फेरचाचणी मागितली, तीही मिळाली. हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेचा निष्कर्ष तोच आला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने त्या पुरुषाला मुलाच्या पोटगीच्या बोजातून मुक्त केले. दोन्ही बाजूंना संधी, दोन प्रयोगशाळा, मग निर्णय! सत्य हवे असणाऱ्याला हा दरवाजा उघडा आहे. मागच्या खिडकीतून आत शिरण्याची गरज काय?

‘आपले मूल आपले आहे की नाही हे जाणण्याचा पुरुषाला हक्क नाही का?’ असा प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. फसवणूक झालेल्या पित्याची वेदना खोटी नसते. परंतु हक्क म्हणजे चोरी नव्हे. झोपलेल्या लेकराच्या तोंडात काडी फिरवणारा पिता त्याची संमती घेत नाही आणि त्याच्या मातेला उत्तर देण्याची संधीही देत नाही. अहवाल अनुकूल आला तरी संशय घेतल्याचा डाग संसारावर राहतोच. प्रतिकूल आला, तर न्यायालयात न टिकणाऱ्या कागदावर घर मोडते. शिवाय, एखाद्या ठिकाणी जुळणी न होणे हे नैसर्गिक बदलामुळेही घडते. भावाभावांच्या वा काकापुतण्यांच्या चाचणीत तर उत्तर बहुधा शक्यतेच्या भाषेतच मिळते. वडिलांच्या पश्चात जमिनीच्या वाटणीसाठी सख्ख्या-सावत्राचा निकाल असल्या कागदावर लावू पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

कायद्याने या बाबतीत आधीच एक भिंत उभारली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ झाले आहे. वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत माता अविवाहित असताना, जन्मलेले मूल त्या पतीचेच; गर्भधारणेच्या काळात दोघांचा संपर्कच शक्य नव्हता, हे सिद्ध केल्यावाचून ते नाकारता येत नाही. कायदा इंग्रजांनी लिहिला म्हणून ही दृष्टी परकी समजू नये. मनुस्मृतीने बारा प्रकारचे पुत्र सांगितले. घरात गुप्तपणे जन्मलेला ‘गूढज’ त्यांतला एक. तोही ज्याची ती स्त्री, त्या पतीचाच पुत्र मानला. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला पित्याचे गोत्र ठाऊक नव्हते. त्याने ते निःसंकोच सांगितले आणि गौतमांनी त्याच्या सत्यवचनावरच त्याचा स्वीकार केला. आपल्या नाशिकच्या पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत. यात्रेकरूने सांगितले आणि उपाध्यायांनी लिहून घेतले. तिथे रक्ताची नव्हे, शब्दाची साक्ष असते, आणि घराणी त्या शब्दावर उभी राहिली.

याचा अर्थ विज्ञानाकडे पाठ फिरवा, असा नव्हे. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी हे तंत्र एका प्रत्यक्ष प्रकरणात प्रथम वापरले, ते घानाहून परतलेल्या मुलाला त्याच्या आईपासून तोडू पाहणाऱ्या शासनासमोर त्यांचे नाते सिद्ध करण्यासाठी! भारतात डॉ. लालजी सिंह यांनी हैदराबादेत ते स्वबळावर विकसित केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मुलाची नोंद असताना हाती मुलगी दिल्याची तक्रार झाली. अशा वेळी अधिकृत देखरेखीखालील चाचणीवाचून दुसरा मार्ग कोणता? परदेशी गेलेल्या आपल्या कुटुंबांकडून अमेरिकी दूतावास नात्याचा पुरावा मागतो, तेव्हाही नमुना देखरेखीखालीच घेतला जातो. घरून आणलेली काडी तिथे चालत नाही. जोडण्यासाठी जन्मलेले शास्त्र तोडण्यासाठी विकले जाते, आक्षेप आहे तो त्याला.

व्यक्तिस्वातंत्र्याचे ढोल बडवणारे पाश्चात्त्य देशदेखील इथे सावध आहेत. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्याने संमतीवाचून डीएनए तपासण्यासाठी नमुना बाळगणे हा गुन्हा ठरवला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००७ मध्ये चोरून केलेल्या पितृत्वचाचण्या पुरावा म्हणून अमान्य केल्या आणि त्याच वेळी पित्यासाठी कायदेशीर मार्ग निर्माण करण्यास संसदेला सांगितले. फ्रान्समध्ये न्यायालयाच्या आदेशावाचून अशी चाचणी करताच येत नाही. आपल्याकडे? २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असे थोडेच आहे? प्रयोगशाळांना मान्यता सक्तीची हवी, अज्ञान मुलाच्या चोरट्या चाचणीला शिक्षा हवी आणि ‘मनःशांती’च्या जाहिरातींना लगाम हवा.

पण कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरातील ज्येष्ठांनी आपले काम करावे. संशय मनात आला, तर तो बोलून दाखवण्याचे धैर्य असावे. बोलून मिटला नाही, तर वकिलाचा सल्ला घ्यावा, कुटुंब न्यायालयात जावे, उजेडात लढावे. ज्याला हे धैर्य नाही, त्याने काडीलाही हात लावू नये. त्या काडीच्या दुसऱ्या टोकाला एक लेकरू आहे, आणि त्याने अजून कोणाचाही अपराध केलेला नाही.