महाग रिंग म्हणजे मजबूत रिंग नव्हे

भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर येथील रंगाईच्या कारखान्यांत पंप गळू लागला की फिटर जुनी रिंग घेऊन दुकानात जातो आणि त्याच मापाची काळी रिंग आणतो. आम्हा कापडवाल्यांचे म्हणणे असे, की माप जुळले म्हणजे काम झाले नाही. रिंगा दिसतात सारख्या. रबर वेगवेगळे असते.

नायट्राइल रबर तेलाला चांगले. पण १०० अंशांपुढे फार काळ राहिले तर कडक होऊन तडकते. पॉलिएस्टर तर १३० अंशांवर, दाबाखाली रंगवतात. तेथे ई.पी.डी.एम. रबर हवे. गरम पाणी, वाफ, कॉस्टिक सोडा ते सोसते. त्याचे वैर तेलाशी. म्हणून बसवताना साधे ग्रीस न लावता सिलिकॉन ग्रीस लावावे.

काही मालक महाग म्हणून 'व्हायटॉन' मागतात. तेल व उष्णतेला ते पक्के खरे, पण साधे व्हायटॉन गरम कॉस्टिकमध्ये आणि वाफेत लवकर खराब होते. टेफ्लॉन जवळजवळ सर्व रसायने सोसते. मात्र त्याला रबराची लवचीकता नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, मापाबरोबर रसायन, तापमान व दाबही दुकानदाराला सांगा आणि रबराचे नाव बिलावर लिहून घ्या. रिंग फुटली तर माल डागाळतो, वायदा चुकतो आणि गरम कॉस्टिक कारागिराच्या अंगावर उडते. मालाची भरपाई होते, डोळ्यांची होत नाही.