दिव्याला रेडिओचा कान

रात्री दिवा मालवायचा तर आधी तो भगभगीत करावा लागतो, ही सोय कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल? मुलाने मला वाचायला एक टेबलदिवा दिला आहे. त्याला बटण नाही. बुडाशी एक वर्तुळ आहे, त्याला बोट लावायचं. पहिल्यांदा लावलं की मंद, मग मध्यम, मग प्रखर आणि चौथ्यांदा बंद. म्हणजे मंद उजेडात चार पानं वाचून ज्याचे डोळे मिटायला आलेत, त्याने झोपण्यापूर्वी खोलीत दोनदा वीज चमकवायची! आणि यातला मंद हासुद्धा आजच्या पिढीचा मंद. त्यात सुईत दोरा ओवता येतो. सौ. कूस बदलून म्हणाली, "अहो, वाचा नाहीतर झोपा. पण समोरच्यांना सकाळ झाली असं वाटायला नको."

लिफ्टमधल्या गाण्यांवर मी याच सदरात आग पाखडली होती, तेव्हा 'तुम्हाला नवं काहीच चालत नाही' अशी पत्रं आली होती. तसं नाही. एलईडी मला चालतो. मला फक्त त्याला फिरवायचा नॉब हवा आहे. इथे बडोद्यात, रावपुऱ्यातल्या दुकानात तेवढंच मागितलं, तर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, हवे एवुं नथी आवतुं. आ लई जाव, मोबाइलथी चाले." मोबाइलवर चालणारा दिवा म्हणजे दिवा लावण्यासाठी चष्मा शोधायचा आणि चष्मा शोधण्यासाठी दिवा. पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी असतो तो जुना डिमर आमच्याकडे आहे, पण तो तारेच्या बल्बसाठी केलेला. त्यावर एलईडीचा बल्ब लावला की लुकलुकतो आणि मध्येच मान टाकतो.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या मुलीला गाठलं. ती कलाभवनात शिकते. विद्यापीठाच्या कागदोपत्री ती टेक्नॉलॉजी फॅकल्टी असेल, आम्हा दांडिया बाजारवाल्यांना कलाभवनच. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. हातातलं कसब शिकवायचं आणि तेही लोकांच्या भाषेत, हा गज्जरांचा आग्रह. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. तिथल्या मुलीने माझ्या दिव्याला एक नॉब लावावा, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

मी म्हटलं, "मधे एक पॉट टाक, झालं." ती हसली. एलईडीला नुसतं पॉट, म्हणजे नॉबने कमीजास्त होणारा रेझिस्टर, लावून चालत नाही. नॉब टोकाला गेला की अडवणूक शून्य होते आणि एलईडी जळतो, म्हणून एक रेझिस्टर कायम मधे ठेवावा लागतो. तो ठेवला तरी गंमत अशी, की पाऊण फेरा फिरवेपर्यंत फारसा फरक दिसत नाही आणि शेवटच्या पावात सगळा उजेड अंगावर येतो. त्यापेक्षा ५५५ वापरू या, म्हणाली. हान्स कामेन्झिंड नावाच्या माणसाने १९७१ मध्ये आखलेली ही आठ पायांची चिप अजून सगळीकडे मिळते. ती दिवा पूर्ण लावते आणि पूर्ण विझवते, सेकंदाला शेकडो वेळा. लागलेला किती वेळ आणि विझलेला किती वेळ, एवढंच नॉबने ठरवायचं. डोळा बिचारा सरासरी काढतो.

"म्हणजे दिवा मंद होतच नाही?"

"नाही काका. दिवा पूर्णच असतो, फक्त कमी वेळ असतो."

निवृत्त माणसाबद्दल याहून चांगलं कोणी काही बोललेलं मला आठवत नाही.

तिने पॉट आणायला सांगितलं आणि मला माळ्यावरचा मर्फी रेडिओ आठवला. वडिलांनी घेतलेला. संस्थानी काळात बडोद्याचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, पुढे ते आकाशवाणीत गेलं. वडील मात्र शेवटपर्यंत 'आपलं स्टेशन' म्हणत आणि ते लावायचा हक्क स्वतःकडे ठेवत. आम्हा पोरांना फक्त आवाजाचा नॉब. तपकिरी बेकेलाइटचा, कडेला खाचा असलेला. फिरवला की आधी कट् असा आवाज, मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतता, मग लांबून कोणीतरी चालत यावं तसा निवेदकाचा आवाज. दुपारी वडील झोपलेले असताना तो कट् आणि आवाज यांच्यामधली नेमकी जागा बोटांना ठाऊक असायची. केसभर पुढे गेलं की आतून खाकरणं ऐकू येई. आता टीव्हीचा आवाज चौदा असतो किंवा पंधरा. आमच्या घरी चौदा ऐकू येत नाही आणि पंधरावर सौ. ओरडते. या दोन आकड्यांच्या मधे केवढी तरी जागा होती हो! ती कोणी काढून घेतली?

रेडिओ खाली उतरवला. मुलीने मागचा पुठ्ठा काढून ते पॉट सोडवलं, पाठीवरचा आकडा पुसून वाचला आणि चकित होऊन म्हणाली, "काका, हे लॉग टाइप आहे. दिव्याला हेच बरं." कानाला आवाज पटीपटीने वाढलेला कळतो, म्हणून आवाजाच्या नॉबची आतली पट्टी सुरुवातीला सावकाश आणि पुढे भराभर बदलणारी करतात. डोळ्याचंही थोडंफार तसंच. पॉट पाचशे किलोओहमचं निघालं, तेव्हा तिने कपॅसिटर छोटा घेतला, वर १०३ लिहिलेला. त्यावर दोन काचेचे डायोड, पिवळट एलईडी पट्टीचा वीतभर तुकडा आणि जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. हिशोब मांडून म्हणाली, सेकंदाला पावणेतीनशेच्या वर उघडझाप होईल, डोळ्याला कळणार नाही.

आणि दिवा लागला, तो कट् करूनच. पॉटच्या पाठीचा स्विच अजून शाबूत आहे. पण नॉब मध्यावर आला की उजेड थरथरतो. पट्टीवर धूळ बसली आहे. लहानपणी जी खरखर ऐकली तीच आता दिसते. मुलीला ती स्प्रे मारून साफ करायची आहे, मी थोडं थांब म्हटलंय.

सौ.चं म्हणणं वेगळंच. दिवा ठीक आहे, पण आता रेडिओचा आवाज कशाने वाढवायचा? रेडिओ कैक वर्षं मुका आहे, हे मी तिला सांगून पाहिलं. त्यावर मुलगी म्हणाली, "काकू, नवीन पॉट टाकून बघते ना." तेव्हापासून मर्फी आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडलाय, ती रोज संध्याकाळी मीटर घेऊन येते आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. परवा ती स्टेशन लावायचा नॉब हातात धरून बराच वेळ बघत होती. तो मी देणार नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.