आलुबोंडा देशी, मग काउसा विदेशी कसा?

काटोलकरांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पण मिरची खाणाऱ्या प्रत्येकानं शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या गावातल्या एका ताईंनी घरी केलेल्या 'काउसा'चा फोटो एका ग्रुपवर टाकला. पदार्थ पेरूचा (देश हो, फळ नाही). उकडून कुस्करलेल्या आलूत लिंबू, तेल अन् मिरचीचं वाटण कालवायचं, त्याचे थर लावायचे आणि मधात सारण भरायचं. तिकडे ट्यूना मासा नाहीतर कोंबडी भरतात, ताईंनी वांग्याचं भरीत भरलं. तासाभरात खाली काय आलं? "झुणका-भाकर विसरले का?" "विदेशी थेरं." "आधी पोळ्या गोल करा." संध्याकाळपर्यंत ताईंनी फोटो काढून टाकला.

हेच वीर रात्री बस स्टँडजवळच्या गाड्यावर मंचुरियन खातात, तेव्हा संस्कृती कुठं जाते? बाईनं घरी नवीन काही केलं की मात्र लगेच संस्कृती बुडते.

आता देशी-विदेशीचा हिशेबच करू. आलू मूळचा पेरूच्या अँडीज पहाडांतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीत आणला. 1971 पासून लिमा शहरात आलूचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. 1987 साली उत्तर पेरूत सिपान इथं एका प्राचीन राजाची कबर सापडली, तिच्यात सोन्याचांदीच्या भुईमूग शेंगांची माळ निघाली! भेद्रं तिकडचंच. मिरची तर कोलंबस 1492 ला तिकडं पोचल्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. ज्ञानेश्वरांच्या काळात तिखटाला मिरं होतं, मिरची नव्हतीच. सावजीची लाल तर्री काय आकाशातून पडली? साबुदाणासुद्धा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, दाणे, आलू, मिरची सगळेच तिकडचे. संस्कृतीरक्षकांनी हे चारही काढून खिचडी करून दाखवावी. फोटो मी स्वतः टाकतो.

कुठल्यातरी आजीनं कधीतरी पहिल्यांदा भाजीत मिऱ्याऐवजी मिरची टाकली असेल. तिलाही कुणीतरी नाक मुरडलं असेलच.

आणखी एक जमात आहे, तिचाही मला तेवढाच राग येतो. विदेशी स्वयंपाक म्हणजे महागडी पाकिटं मागवायची, अशी यांची समजूत. किनोआ पाहिजे म्हणून ऑनलाइन ऑर्डर. 2013 हे किनोआचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून हे वेड. भरडधान्याचं वर्ष 2023 ला झालं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून, पण यांच्या ताटात ज्वारी काही आली नाही. ताई किनोआच्या जागी ज्वारीच्या कण्या शिजवतात. पेरूची पिवळी मिरची इथं मिळत नाही, तर पिवळी शिमला मिरची भाजून तिच्यात एक हिरवी मिरची आणि संत्र्याच्या सालीचा चिमूटभर कीस वाटतात. 'लोमो साल्तादो' हा चिनी मजुरांमुळे पेरूत रुजलेला पदार्थ. मांसाचे लांब तुकडे, कांदा, भेद्रं, सोया सॉस, वर तळलेले आलू अन् सोबत भात. ताई मांसाऐवजी सोयाबीनच्या वड्या घालतात. सोयाबीन आपल्याच वावरातलं. काहून बाहेरून मागवायचं?

आता मुद्द्यावर येतो, कारण हा फक्त चवीचा विषय नाही. पेरूत 'सेविचे' नावाचा पदार्थ आहे, लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. आधी तो आंबट संत्र्याच्या रसात करत. (आपल्या तलावातला मासा कच्चा खाऊ नका बावा! लिंबानं मांस पांढरं होतं, पण जंत-जंतू मरतातच असं नाही. आधी वाफवा, नाहीतर मशरूम घ्या.) 2023 मध्ये युनेस्कोनं सेविचेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढं काय? बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं की आपला भाव कोसळतो. आंबियाची फळगळ झाली की शेतकरी झाडाखाली डोक्याला हात लावून बसतो. आणि संत्र्याच्या या मुलखात घरच्या स्वयंपाकात संत्रा कुठं आहे? हातानं सोलून खाल्ला, ज्यूस प्यायला, पाहुण्याला संत्रा बर्फी दिली, संपलं! ज्या जंबेरीच्या खुंटावर आपण संत्र्याची कलमं बांधतो, तिचं आंबटढाण फळ पन्हेरीसाठी बी काढण्यापलीकडं कुणी पाहत नाही. असा रस पेरूतल्या बाईच्या हाती पडला असता तर तिनं पातेलंभर पदार्थ केले असते.

एका काउसानं संत्र्याला भाव मिळत नाही, हे मलाही कळतं. प्रक्रिया उद्योग पाहिजे, निर्यातीचं धोरण पाहिजे, ते मी लिहीत आलोय अन् लिहीत राहीन. पण जे फळ आपल्याच घरात शिजत नाही, त्याची चटणी, सॉस, लोणचं बाहेरच्यानं विकत घ्यावं म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? असे प्रयोग घरातच सुरू होतात, अन् ते करणाऱ्या बाईलाच आपण ग्रुपवर टोमणे मारून गप्प करतो.

ताई, तो फोटो परत टाका. अन् बाकीच्यांनो, संत्रा किंवा जंबेरी घालून घरी काही आंबट-तिखट करत असाल तर खाली कृती लिहा. मापासकट लिहा, नुसतं "छान" नको.