लेक मनाच्या दवाखान्यात शिकायला निघाली, तर…

मैत्रिणींनो, ब्रह्मपुरीच्या एका भगिनीचं चांगलं चार पानी पत्र आलंय. त्यांची थोरली लेक मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाली. आता तिला बाहेरगावी एका मोठ्या रुग्णालयात दोन वर्षं राहून क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण घ्यायचंय. सासूबाईंनी धसकाच घेतला आहे. "येड्याइच्या दवाखान्यात पोरीले ठेवता का? उद्या सोयरीक कोन करन?" यजमान गप्प बसलेत, म्हणजे त्यांचंही मन नाहीच. आणि बाई विचारतात, "ताई, पाठवू की नको?"

पाठवू की नको ते तुमच्या घरानं ठरवायचं. पण मुलगी तिथे नेमकं काय शिकणार, हे आधी कळलं तर ठरवणं सोपं जाईल. म्हणून या खेपेला लोणची-मुरांबे बाजूला ठेवते.

पहिला घोळ असतो तो नावांचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. रुग्णाची सगळी हकिगत काढणं, चाचण्या घेणं, आणि बोलण्यातून, सवयी बदलण्यातून उपचार करणं हे त्याचं काम. दोघं जोडीनं काम करतात. आपल्या देशात हे शिक्षण नीट सुरू झालं ते बंगळूरला. तिथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आणि तीच १९७४ पासून ‘निम्हान्स’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे हे खूळ काही कालपरवाचं नव्हे, बरं का.

आता रुग्णालयात दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी बाह्यरुग्ण विभाग. रोगी येतो, सोबत आई नाहीतर नवरा. मुलीनं दोघांचं वेगवेगळं ऐकायचं. झोप कशी, जेवण कसं, हे कधीपासून, आधी घरात काय घडलं, सगळं टिपून घ्यायचं आणि वरिष्ठांपुढे मांडायचं. वरिष्ठ विचारतात, "नवरा म्हणाला ते लिहिलंस, बाई काय म्हणाली ते कुठे आहे?" की पुन्हा जाऊन विचारायचं. माझ्या मते या दोन वर्षांचं सगळं सार या दुसऱ्यांदा विचारण्यात आहे. पुस्तक वाचून एम.ए. होता येतं, पण समोर रडणाऱ्या माणसाला घाई न करता ऐकून घेणं कुणीतरी पाठीशी उभं राहूनच शिकवावं लागतं.

आपल्या भागात तर हे फारच खरं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात ती छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावर बाळगलेलं काही ना काही स्त्रीरोगाचं दुखणं निघालं, आणि बहुतेकींनी त्यासाठी दवाखान्याची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. शरीराच्या दुखण्याची ही गत, तर मनाच्या दुखण्याची काय असेल? आपल्याकडे बाई "मन उदास आहे" असं म्हणत नाही. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, हातापायातलं बळ गेलं, असं म्हणते. नाहीतर अंगात येतं, मग बाहेरची बाधा म्हणून पुजाऱ्याकडे नेतात. नेणाऱ्यांना हसू नका. जवळ दुसरं कुणी नसलं की माणूस जे आहे त्याकडे जातो. सिरोंचाहून गडचिरोली गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो, नागपूरचं मनोरुग्णालय तर त्याच्याही पुढे.

शिवाय भाषा! गडचिरोलीत मराठी आहे, गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेऱ्याकडे बंगाली आहे. मनाचं दुखणं दुभाष्यामार्फत कितीसं सांगता येणार? बुद्धीच्या चाचणीचंही तसंच. परदेशी प्रश्न आपल्या पोरांना विचारले तर हुशार पोरही मठ्ठ ठरेल. म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९५५ साली भाटियांनी ठोकळे आणि आकृत्यांची चाचणी आणली, ती अक्षरओळख नसलेल्यालाही देता येते. शिकाऊ मुलींच्या हातून या दोन्ही चाचण्या जातातच. मतिमंद मुलाला अपंगत्वाचा दाखला हवा असला की ही तपासणी लागते, आणि त्या दाखल्यावर त्याच्या सवलती अवलंबून असतात. धानाची रोवणी टाकून, लेकराला कडेवर घेऊन जिल्ह्याच्या गावी आलेल्या आईला "चाचणी घेणारं कुणी नाही, पुढल्या महिन्यात या" असं ऐकावं लागलं, तर तिच्या जिवाचं काय होत असेल? तुमची लेक हे काम शिकणार आहे.

वॉर्डातली दुसरी मोठी शिकवण म्हणजे कीटकनाशक पिऊन वाचलेल्या माणसाशी बोलणं. सलाईन लावणारे पुष्कळ असतात, पण शुद्धीवर आल्यावर "आता काय वाटतं?" असं विचारणारं माणूस लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं म्हटलं आहे. त्याला गुन्हेगारासारखं वागवायचं नाही. आणि रोग्यानं सांगितलेलं गुपित बाहेर फोडायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मुलगी सुट्टीत घरी आली की "आज कोण वेडं आलं होतं गं?" असं कौतुकानं विचारू नका. ती सांगणार नाही, आणि सांगूही नये.

सासूबाईंना काय सांगाल? वेड्यांचा दवाखाना म्हणजे साखळदंड आणि आरडाओरडा, हे चित्र त्यांच्या लहानपणचं असेल. आज निम्म्याहून अधिक काम उदासपणा, भीती, झोप, दारू आणि परीक्षेला घाबरणारी मुलं यांचंच असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार निघाला. म्हणजे ज्या घरात सोयरीक कराल त्याही गोतावळ्यात कुणीतरी असणारच. आजींना नातीसोबत एकदा तिथे जाऊन येऊ द्या. गडचिरोलीजवळ शोधग्रामला ‘सर्च’चा मां दंतेश्वरी दवाखाना आहे. तो बांधताना आदिवासींनाच विचारलं. त्यांना मोठ्या इमारतीची भीती वाटे, नातलगांना बाहेर काढतात ते आवडत नसे. म्हणून झोपड्यांसारखी घरं बांधली आणि रोग्याजवळ घरच्यांना राहू दिलं. दवाखाना असाही असतो, हे डोळ्यांनी पाहिलं की भीती निम्मी ओसरते.

आता व्यवहाराचं. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते यादीत स्वतः पाहा, एजंटाच्या तोंडावर विसंबू नका. परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्याशिवाय या नावानं काम करता येत नाही, नुसतं एम.ए. पुरत नाही. आजवर या अभ्यासक्रमाला एम.फिल. म्हणत, पण एम.फिल. २०२२ च्या नियमांनी मोडीत निघालं आणि या विषयाला २०२५-२६ पर्यंतच मुभा मिळाली. तेव्हा नावावर न जाता मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते विचारा. काही ठिकाणी विद्यावेतन देतात, काही ठिकाणी उलट भरमसाट फी घेतात. फीचा आकडा लेखी घ्या. वरिष्ठ शिकवणारे किती आणि एकेकाकडे मुली किती, हेही विचारायला लाजू नका. वसतिगृह रुग्णालयाच्या आवारातच असलं तर बरं, कारण रात्रीही बोलावणं येतं.

आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने मुलगी फोनवर रडेल. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून तसं होतं. "मग ये परत" असं लगेच म्हणू नका. आधी विचारा, "वरिष्ठांना सांगितलंस का?" त्यांना ते ठाऊक असतं आणि शिकाऊ मुलींना सावरणं हेही त्यांचंच काम आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. स्वयंपाकघरात दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा.