क्लास फोडायचा की फाइल?

धान खरेदी केंद्रावर नोंदणीला येताना शेतकरी सातबारा घेऊन येतो. म्हणायला तो एक कागद, पण त्यात गाव नमुना सात वेगळा आणि गाव नमुना बारा वेगळा. साताची बाजू हक्काची. फेरफार मंजूर झाल्याशिवाय तिथली रेघ हलत नाही. बाराची बाजू पिकांची. ती दर हंगामात नव्याने भरावी लागते, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाल्यापासून ती भरायचं काम बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं आहे. भरणारे हात वेगळे, बदलण्याचा वेगही वेगळा. गट क्रमांक मात्र एकच, म्हणून छापताना दोन्ही नमुने एकत्र येतात.

सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘पार्शल क्लास’ नावाची जी सोय आहे, तिचं काम जवळपास असंच चालतं. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिण्याचं कारण एवढंच, की धानाचे चुकारे, हमाली, बारदाना, भरडाई, बोनसच्या याद्या हे सगळं आता आमच्याकडे कुठल्या ना कुठल्या प्रोग्राममधून निघतं. त्या प्रोग्रामांत ही सोय भलत्याच कामाला जुंपलेली मी वरचेवर बघते. हिशेब चुकला की प्रोग्राम लिहिणारा नागपुरात असतो आणि खिडकीसमोर उभा असतो तो कट्टे मोजून दिलेला माणूस.

मी केशोरीत राहते. अर्जुनी मोरगाव तालुक्याचं हे टोक. इटियाडोहचं धरण जवळ, गडचिरोलीची हद्दही जवळ. मिरचीचं गाव म्हणून लोक ओळखतात, पण शिवारात बघाल तिकडे धान. माझे बाबा सहकारी संस्थेत गटसचिव होते. रात्री कंदिलाच्या उजेडात खतावणी जुळवताना मी त्यांना पाहिलं आहे. मी त्याच हिशेबाची सॉफ्टवेअर सांभाळते, काही राईस मिलांची आणि काही संस्थांची.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लास म्हणजे एका गोष्टीची माहिती आणि तिची कामं एकत्र बांधून लिहिलेली व्याख्या. ‘धानपावती’ नावाचा क्लास असेल तर शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, दर ही झाली माहिती. रक्कम काढणं आणि पावती छापणं ही झाली कामं. सहसा ही व्याख्या एका फाइलीत असते. तिच्या आधी ‘पार्शल’ लिहिलं की तीच व्याख्या दोन, चार, दहा फायलींत विभागून लिहिता येते. अट अशी की सगळे तुकडे एकाच प्रोजेक्टात आणि एकाच नेमस्पेसमध्ये हवेत, आणि प्रत्येक तुकड्यावर पार्शल लिहिलेलं हवं. कंपायलर सगळे तुकडे गोळा करून एकच क्लास बांधतो. तयार प्रोग्राममध्ये तो तुकड्यांत लिहिला होता याचा मागमूसही उरत नाही.

ही सोय आली २००५ साली, सी शार्प २.० आणि व्हिज्युअल स्टुडिओ २००५ यांच्याबरोबर. का आली हे कळलं तर कधी वापरायची हे वेगळं सांगावं लागत नाही. काटा नोंदवायचा फॉर्म घ्या. पडद्यावर मी माउसने ‘जतन करा’चं बटण ओढून ठेवते. मी फक्त ओढते. ते डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, अक्षर कुठलं, हे सगळं कोडमध्ये लिहितो तो डिझायनर, म्हणजे यंत्र. २००५ च्या आधी हे यंत्राचं लिखाण माझ्याच फाइलीत, माझ्याच कोडच्या मध्ये येऊन बसायचं. त्यावर सूचना असायची की हा भाग हाताने बदलू नका. सूचना वाचून न वाचल्यासारखी करणारे प्रोग्रामर कमी नव्हते. तिथे हाताने एक ओळ घातली की ती टिकायची पुढच्यांदा बटण सरकवेपर्यंत. डिझायनर तो भाग नव्याने लिहायचा आणि ओळ गायब.

पार्शल क्लासमुळे यंत्राचा तुकडा आपल्या वेगळ्या फाइलीत गेला. आज माझ्याकडे ‘काटाफॉर्म’च्या दोन फायली आहेत. एकीत मी लिहिते: बटण दाबल्यावर वजन तपासायचं, कट्टा ४० किलोच्या हिशेबात बसतो का बघायचं, मग नोंद करायची. दुसरीच्या नावात ‘डिझायनर’ आहे आणि ती मी उघडत नाही. तिने कितीही वेळा स्वतःला पुसून लिहिलं तरी माझ्या ओळीला धक्का लागत नाही.

या कामासाठी पार्शल क्लास हवाच. वीस वर्षांत त्याची गरज वाढली आहे, कारण कोड लिहिणारी यंत्रं वाढली. २०२१ च्या डॉटनेट ६ पासून जेसन वाचण्या-लिहिण्याचा कोड सोर्स जनरेटर तयार करून देतो. पुढच्या वर्षी डॉटनेट ७ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनसाठीही तीच सोय झाली. मी अर्धा क्लास लिहून वर पार्शल म्हणते, उरलेला अर्धा प्रोग्राम बांधताना यंत्र भरतं. २०२४ च्या सी शार्प १३ मध्ये तर प्रॉपर्टीसुद्धा पार्शल लिहिता येऊ लागली, तीही मुख्यतः याच कामासाठी.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे सांभाळायला आलेला एक प्रोग्राम. कोणाचा ते सोडून द्या. त्यात ‘खरेदी’ नावाचा एकच अवाढव्य क्लास होता. तो फार फुगला आहे हे आधीच्या कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, म्हणून त्याने त्याच्या सहा फायली केल्या होत्या: वजन, बारदाना, हमाली, चुकारे, बोनस, अहवाल. सगळ्यांवर पार्शल. माझ्याकडे शिकायला येणारा बीसीसीएचा मुलगा ते फोल्डर बघून खूश झाला. “ताई, हे तर मस्त आहे जी, सगळं वेगवेगळं लावलंय.” मी त्याला म्हटलं, बोनस बदलून दाखव.

धानाच्या बोनसचा इतिहास गोंदिया-भंडाऱ्यात कोणाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पूर्वी बोनस क्विंटलमागे मिळे. एका टप्प्यावर तो ७०० रुपये होता. २०२२-२३ च्या हंगामात नियमच बदलला. हेक्टरी १५ हजार रुपये, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. पुढच्या हंगामात हेक्टरी २० हजार. वरवर बघता फक्त आकडे बदलले. प्रत्यक्षात मुळाचा आधारच बदलला: आधी बोनस विकलेल्या वजनावर होता, आता नोंदणी केलेल्या क्षेत्रावर. नोंदणी असेल तर धान विकलं असो वा नसो, बोनस लागू. म्हणजे एकही कट्टा काट्यावर न आणलेला शेतकरीसुद्धा यादीत हवा.

आणि इथे तो सहा फायलींचा डौल गळून पडला. बोनस हा ‘खरेदी’ क्लासचाच तुकडा असल्यामुळे खरेदीची नोंद असल्याशिवाय बोनस निघणारच नव्हता. ज्याने धान विकलं नाही त्याची खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून बोनस नाही. त्या मुलाने बोनसच्या फाइलीत सूत्र बदललं तर चुकाऱ्यांची बेरीज बिघडली. ‘देयरक्कम’ नावाची एकच जागा बोनसची फाइल भरत होती, हमालीची फाइल त्यातून वजा करत होती आणि अहवालाची फाइल तिला पूर्ण रुपयात आणून परत तिथेच ठेवत होती. आधी कोण, नंतर कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सहाही फायली समोर उघडून बसल्याशिवाय एक हिशेब वाचता येईना. आधी निदान एका फाइलीत खाली-वर करून तो वाचता तरी आला असता!

सातबाऱ्याशी केलेली तुलना या ठिकाणी संपते. पीक पाहणी भरणाऱ्याला मालकीच्या रकान्याला हात लावता येत नाही. तशी व्यवस्थाच आहे. पार्शल क्लासमध्ये अशी भिंत नसते. क्लासची खासगी माहिती त्याच्या प्रत्येक तुकड्याला सताड उघडी असते, कारण कंपायलरच्या लेखी ते तुकडे नाहीतच. फाइल वेगळी केल्याने जबाबदारी वेगळी होत नाही. माझा सगळा आक्षेप एवढ्या एका गोष्टीवर आहे. फुगलेल्या क्लासच्या सहा फायली करणाऱ्याला काम झाल्याचं समाधान मिळतं, आणि जे खरं काम होतं, क्लास फोडण्याचं, ते कायमचं मागे पडतं.

आम्ही मग बोनसचा स्वतंत्र क्लास केला. त्याला हंगाम आणि नोंदलेलं क्षेत्र द्यायचं, तो रक्कम सांगतो. कट्टे, बारदाना, हमाली हे त्याच्या कानावरही जात नाही. २० हजारांच्या नियमाने १.२ हेक्टरचे २४ हजार आले पाहिजेत, आणि ३.४ हेक्टरचेही ४० हजारच, कारण मर्यादा दोन हेक्टरची. या दोन बेरजा आता काटा, पावती, छपाई काहीही सुरू न करता तपासता येतात. जुन्या क्लासमध्ये हेच तपासायला खोटी खरेदी नोंदवावी लागायची. पुढच्या वर्षी सरकारने नियम पुन्हा फिरवला (फिरवतीलच) तर नव्या हंगामाचा नियम वेगळा लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही.

मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत पार्शल क्लासचा आणखी एक फायदा सांगितलेला आहे: एका क्लासवर अनेक प्रोग्रामर एकाच वेळी काम करू शकतात. शिकवणारे हे वाक्य आवडीने सांगतात. मला ते पटत नाही. २००५ मध्ये त्यात थोडं तथ्य होतं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी व्हिज्युअल सोर्ससेफ वापरत आणि त्यात एकाने फाइल बदलायला घेतली की दुसऱ्याला ती कुलूपबंद. आज गिट आहे. एकाच फाइलीतले दोघांचे बदल ते बहुतेक वेळा मुकाट्याने जुळवून देतं. आणि तरीही दोघांना रोज एकाच क्लासमध्ये शिरावं लागत असेल, तर त्यात दोघांची कामं कोंबली आहेत असा त्याचा अर्थ.

जावाकडे बघा. तिथे पार्शल क्लास नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलेलं दिसत नाही. यंत्राने लिहिलेला क्लास वर ठेवायचा आणि माणसाने त्याच्याखाली वारस क्लास लिहायचा, ही जॉन व्लिसिडिस यांनी ‘जनरेशन गॅप’ नावाने मांडलेली रीत सी शार्पमधल्या या सोयीच्या बरीच आधीची. मला पार्शल क्लास तिच्यापेक्षा सुटसुटीत वाटतो, हेही सांगते.

सवलती मी देते. क्लासच्या पोटातला लहानसा खासगी क्लास वेगळ्या फाइलीत ठेवायला पार्शल लिहिलं तर चालेल. एकच प्रोग्राम अँड्रॉइडवर आणि विंडोजवर चालवायचा असेल तर दोन्हीकडचे फरक वेगवेगळ्या तुकड्यांत ठेवणं सोयीचं पडतं. अवाढव्य क्लास फोडायला घेताना पहिली पायरी म्हणून फायली करायलाही माझी हरकत नाही. कोणता तुकडा कोणाच्या माहितीला हात लावतो ते त्यामुळे डोळ्यांना दिसतं. पण त्या पायरीवर मुक्काम नको. फाइलीच्या डोक्यावर तारीख लिहून ठेवावी आणि त्या तारखेपर्यंत पार्शल शब्द तिथून गेलेला असावा. एरवी माझा प्रश्न एकच असतो: ही दुसरी फाइल कोण लिहितंय? यंत्र लिहीत असेल तर पार्शल. आपणच लिहीत असू तर आधी नवा क्लास करून बघावा.

गोंदिया-भंडाऱ्याच्या कॉलेजांत बीसीए, बीसीसीएला डॉटनेट शिकवणाऱ्या सर-मॅडमना यावरून एक विनंती आहे. ‘पार्शल क्लास म्हणजे काय ते सांगून त्याचे फायदे लिहा’ असल्या प्रश्नाचं उत्तर मुलं पाठ करून येतात, आणि माझ्याकडे आली की पहिल्याच आठवड्यात क्लासच्या चार फायली करून दाखवतात. त्याऐवजी त्यांना एक फुगलेला क्लास द्या आणि विचारा, यात फाइल कुठे फोडायची आणि क्लास कुठे फोडायचा. उदाहरण धानाच्या बोनसचंच घ्या. त्यातले आकडे मुलांना घरूनच माहीत असतात.