प्रेमप्रकरणें आणि राजकारणाच्या कंड्या

मुलचेऱ्याच्या बाजारांत एखाद्या दुकानाच्या पायरीवर घटकाभर बसावें, म्हणजे मराठीच्या जोडीनें गोंडी, माडिया आणि बंगाली बोली कानीं पडतात. यांपैकीं बंगाली येथें कशी आली हें पुष्कळांस ठाऊक आहे. पूर्व पाकिस्तानांत १९६४ सालीं दंगे उसळल्यावर जे लोक घरदार सोडून निघाले, त्यांतील कित्येक कुटुंबें सरकारनें त्या वेळच्या चांदा जिल्ह्यांत आणून वसविलीं. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे काय, हें या लोकांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

आणि तरीही त्याच पायरीवर, हातांतल्या मोबाईलकडे बोट दाखवून, अमुक नटीचें लग्न परकी सरकारनें जुळविलें, तमुक खेळाडूच्या घटस्फोटामागें गुप्तहेरखातें आहे, असल्या गोष्टी गंभीर मुद्रेनें सांगितल्या जातात. हा रोग आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. अमेरिकेंत २०२४ च्या आरंभीं एका प्रख्यात गायिकेचें एका फुटबॉलपटूवरील प्रेम हें तेथील लष्करी खात्याचें निवडणुकीसाठीं रचलेलें कारस्थान होय, अशी हूल उठली. लष्करी खात्यास तिचा इन्कार करावा लागला! पुढें त्या बाईंनीं ज्या पक्षास उघड पाठिंबा दिला तो पक्ष त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत पराभूत झाला. पण हूल उठविणाऱ्यांपैकीं कोणी आपली चूक कबूल केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

अशा कंड्यांपैकीं एक मात्र हंसण्यावारी नेतां येत नाहीं. हिंदुस्थानची फाळणी एडविना माउंटबॅटन आणि पंडित नेहरू यांच्या स्नेहामुळें झाली, ही ती कंडी होय. स्नेह खरा होता. बाई १९६० सालीं वारल्या तोंपर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू होता, आणि त्यांच्या जलसमाधीच्या वेळीं नेहरूंनीं आरमाराचें एक जहाज श्रद्धांजलीसाठीं पाठविलें. परंतु यावरून फाळणी कशी निघते? मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव मार्च १९४० चा. कलकत्त्याची कत्तल ऑगस्ट १९४६ मधली, नोआखालीचे अत्याचार त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतले. हिंदुस्थान सोडून जाण्याची मुदत ॲटली यांनीं २० फेब्रुवारी १९४७ रोजीं पार्लमेंटांत जाहीर केली, आणि माउंटबॅटन पतिपत्नी दिल्लीस उतरलीं तीं त्यानंतर, २२ मार्च रोजीं. कार्य आधीं आणि कारण मागाहून, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रांत बसतो?

बंगालची रेघ मारणारे रॅडक्लिफ तर या देशांत पूर्वीं कधीं आलेच नव्हते. ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत आले आणि पांच आठवड्यांत काम उरकून गेले. त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला बाहेर पडला. तोंवर खुलना जिल्ह्यांत भारताचा आणि मुर्शिदाबादेंत पाकिस्तानचा ध्वज फडकत होता. निवाडा कळल्यावर दोन्ही ठिकाणचे ध्वज बदलावे लागले. हा घाईचा, नकाशे आणि शिरगणतीचे तक्ते पुढें ठेवून केलेला कारभार ज्यांच्या घरांवरून गेला, त्यांचींच मुलें-नातवंडें आज मुलचेऱ्यांत भाताचीं शेतें करतात. त्यांना एका बाईच्या मोहाची गोष्ट सांगणें म्हणजे त्यांच्या दुःखाचा खरा जबाब मिळूं न देणें होय.

यावर कोणी विचारील, मग स्त्रीपुरुषसंबंधांचा राजकारणाशीं कधींच संबंध येत नाहीं काय? येतो, आणि त्याचें ठळक उदाहरण आपल्याच मराठी संस्थानिकांत आहे. १२ जानेवारी १९२५ रोजीं संध्याकाळीं मुंबईंत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याची मोटार अडवून त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. शेजारीं बसलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे कांहीं लष्करी अधिकारी दैवयोगानें तेथें पोंचले नसते, तर हल्लेखोरांनीं तिला उचलून नेलेंच असतें. मुमताज ही इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबारांतून निसटून आलेली नर्तकी. आरोपींत इंदूर दरबारचे अधिकारी होते. तिघांस फांशीची शिक्षा झाली. महाराजांवर खटला झालाच नाहीं, तेव्हां त्यांचा दोष सिद्धही झाला नाहीं. मात्र चौकशी मंडळास सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पेंच सरकारनें घातला आणि फेब्रुवारी १९२६ मध्यें त्यांनीं गादी सोडली.

इंग्रजांनींच हा सारा डाव रचला, असा तर्क तेव्हांपासून लढविला जात आहे. इंग्रज सरकारची वकिली करण्याची आम्हांस मुळींच हौस नाहीं. पण तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांनाही १९०३ सालीं गादी सोडावी लागली होती, आणि तेथें मुमताज नव्हती. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांस १८७५ सालीं पदच्युत केलें. रेसिडेंटावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या मंडळांतील तिन्ही इंग्रजांनीं त्यांस दोषी धरलें, तिन्ही हिंदी सभासदांनीं धरलें नाहीं. अखेर गैरकारभाराचें कारण देऊन काम भागविण्यांत आलें. म्हणजे राजे उतरविण्याचा हक्क सार्वभौम सत्तेनें उघड बजावला, निमित्त तेवढें दर वेळीं निराळें. होळकरांनीं तर १८१८ च्या मंदसोरच्या तहानेंच परराज्यांशीं स्वतंत्र व्यवहार सोडून दिला होता. म्हणूनच तुकोजीरावांनीं १९२८ सालीं नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशीं विवाह केला आणि ती शर्मिष्ठादेवी झाली, तेव्हां वादाचा धुरळा कितीही उडाला तरी त्यांत दोन राष्ट्रांच्या राजकारणास जागाच नव्हती.

आमचे व्यापारी वाचक सही पाहिल्यावांचून हुंडी पटवीत नाहींत. बातमीची हुंडी मात्र कोणाचीही चालते!

आणि बिनसहीच्या हुंडीचा भुर्दंड बहुधा बाईस भरावा लागतो. मुमताजनें न्यायालयांत उभें राहून सांगितलें कीं, आपल्यास मुलगी झाली ती दायांनीं मारली आणि त्यानंतर आपल्यास इंदुरांत राहणें नको झालें. हें एका स्त्रीचें, स्वतःच्या इच्छेचें, शपथेवर केलेलें विधान. पण लोकांस ती एकतर महाराजांस नादीं लावणारी मायाविनी हवी होती, नाहींतर इंग्रजांच्या हातचें प्यादें. तिला कोठें राहावयाचें नव्हतें, इतकी साधी गोष्ट ऐकून घेण्यास दोन्ही पक्षांस सवड नव्हती. एडविनाबाईंचेंही तेंच झालें आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून त्यांनीं केलेलें मदतकार्य कंडी पसरविणाऱ्यांच्या गांवींही नसतें.

मुलचेरा तालुक्यांतील शाळांस व वाचनालयांस आमची एक सूचना आहे. १९६४ सालीं जे वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढें गेले आहेत. कोणतें गांव सोडलें, सीमा कोठें ओलांडली, छावणींत किती दिवस काढले, येथें आल्यावर पहिल्या पावसाळ्यांत काय खाल्लें, हें त्यांस विचारून लिहून ठेवावें. कोणाच्या पेटींत निर्वासितपणाचा दाखला असेल तर त्याची प्रत करून घ्यावी. लिहून घेणारा विद्यार्थी बंगाली असो वा मराठी. काम याच वर्षीं सुरू झालें पाहिजे.