टाकी फुल्ल म्हणजे डोकं रिकामं?

२ जानेवारी २०२४. थर्टी फर्स्टची झोप पुरती उतरली नव्हती, तोवर राज्यातल्या कित्येक शहरांत पेट्रोल पंपांबाहेर रांगा. ‘हिट अँड रन’साठी १० वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरोधात ट्रकचालकांनी संप केला, मनमाडजवळ पानेवाडीला टँकर उभे राहिले आणि ‘पेट्रोल संपणार’ हे सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचलं. त्याच रात्री सरकारशी बोलणी झाली, चालकांना कामावर परतायला सांगण्यात आलं. मग आपण काय केलं? रांगेतल्यांवर मीम्स बनवले.

मला ते मीम्स पटत नाहीत. जरा हिशोब करू. एरवी आपण गाडीत दोनशेचं टाकतो, म्हणजे दोन लिटरसुद्धा नाही. बाइकची टाकी साधारण १० लिटरची. सगळ्यांनी एकाच दिवशी ‘फुल्ल कर’ म्हटलं की विक्री तीन-चार पट होते, शिवाय परवा येणारेही आजच येतात. टँकर वेळेवर आला असता तरी त्या पंपावर संध्याकाळी ‘पेट्रोल नाही’चा बोर्ड लागलाच असता. अफवा खोटी असते, पण लोक तिच्यावर विसंबून वागले की ती खरी होते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये नेमकं हेच मांडलं. त्याचं उदाहरण बँकेचं होतं: ठणठणीत बँक, पण बुडणार म्हणून सगळे पैसे काढायला धावले आणि ती खरंच बुडाली.

म्हणजे रांगेतला माणूस वेडा नसतो. ‘मी नाही बुवा घाबरत’ म्हणून घरी बसलेला शहाणाच दुसऱ्या दिवशी गाडी ढकलतो!

बरं, लोक वस्तूला घाबरतात असंही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मीठ संपल्याची अफवा उठली आणि लोक दुकानांवर तुटून पडले. मीठ! एकट्या गुजरातमध्ये देशातलं तीन चतुर्थांश मीठ पिकतं. पण तारीख बघा, ११ नोव्हेंबर. तीनच दिवसांपूर्वी रात्री आठला टीव्ही लावल्यावर खिशातली पाचशेची नोट बाद झाली होती. ज्याने ते पाहिलं, त्याला मीठ संपणं अशक्य का वाटावं? २४ मार्च २०२० ला तेच. आठ वाजता २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला, तो रात्री बारापासून लागू. किराणा मिळत राहील हे नीट कळेपर्यंत लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले होते. अशा वेळी नुसतं ‘घाबरू नका’ म्हटलं की उलट शंका येते.

यात खरा मार बसतो तो रोजचं रोज घेणाऱ्याला. पार्सल पोहोचवणारा पोरगा रोज शंभराचं पेट्रोल टाकतो, कारण खिशात तेवढेच असतात. टाकी फुल्ल करण्याची चैन त्याला परवडत नाही आणि दोन तास रांगेत गेले तर त्या दिवसाची कमाईही जाते.

म्हणून मला उपदेशापेक्षा चंडीगडचा उपाय आवडला. त्याच २ जानेवारीला तिथल्या प्रशासनाने मर्यादा घातली: दुचाकीला २ लिटर किंवा जास्तीत जास्त २०० रुपयांचं, चारचाकीला ५ लिटर किंवा ५०० रुपयांचं. यात कुणाच्या शहाणपणावर भिस्त ठेवावी लागत नाही. एखादा दोन-तीन पंप फिरून टाकी भरेलही. भरू दे की, प्रत्येक पंपावर त्याला नव्याने रांगेत उभं राहायचंय!